नेट गेलं की राउटर बंद-चालू करायच्या आधी हे बघा

नेट गेलं की पहिला हात राउटरच्या बटणावर जातो. बंद करायचं, दहापर्यंत मोजायचं, परत चालू. बऱ्याचदा होतंही चालू, नाही असं नाही, पण होतं काय की दोष नक्की कुठे होता ते त्यात पुसलं जातं आणि परवा परत तेच रडगाणं. म्हणून आधी दोन मिनिटं द्या, बिघाड कुठल्या टप्प्यात आहे ते ठरवा आणि मगच कशाला तरी हात लावा. घर असो, क्लास असो नाहीतर दहा-पंधरा मशीनचं ऑफिस, पद्धत तीच, जवळून सुरुवात करायची आणि एकेक पाऊल लांब जायचं.

विंडोजवर सीएमडी (कमांड टाइप करायची काळी खिडकी) उघडा आणि आयपीकॉन्फिग मारा. (कमांड इंग्रजीतच टाइप करायच्या हे सांगायला नको, इथे फक्त वाचायला देवनागरीत.) डिफॉल्ट गेटवे समोर जो नंबर येतो तो तुमचा राउटर, बहुतेक ठिकाणी १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. त्यालाच आधी पिंग करा, म्हणजे पिंग लिहून पुढे तो नंबर टाका, समोरचं यंत्र किती वेळात उत्तर देतं ते दिसतं. लॅन वायरने जोडलेलं असाल तर उत्तर १ मिलिसेकंदाच्या आतबाहेर यायला पाहिजे, वायफायवर साधारण २ ते ५, मधे एखादा २० आला तर सोडून द्या. पण १५०, ३००, मग रिक्वेस्ट टाइम्ड आउट, मग परत ४ असलं काही दिसलं तर कस्टमर केअरला फोन लावूच नका, भांडण घरातलंच आहे. आणि आयपीच्या जागी १६९.२५४ ने सुरू होणारा नंबर दिसत असेल तर मशीनला डीएचसीपीकडून (राउटरमधला पत्ते वाटणारा भाग) पत्ताच मिळालेला नाही, म्हणजे वायर, स्विचचा (अनेक वायरी एकत्र जोडायचा डबा) पोर्ट नाहीतर राउटरच लटकलाय, तिथे बघा.

गेटवे ठीक असेल तर पिंग ८.८.८.८, हा गूगलचा, किंवा १.१.१.१, हा क्लाउडफ्लेअरचा. इथून उत्तर येतंय पण ब्राउजरमधे एकही साइट उघडत नाही, तर लाइन शाबूत आहे, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा नंबर शोधून देणारी सेवा) मेलाय. ह्याची खूण म्हणजे आधीपासून चालू असलेला व्हिडिओ कॉल मजेत चालू राहतो आणि नवीन काही उघडत नाही. उपाय सोपा, राउटरच्या डीएचसीपीच्या पानावर डीएनएस म्हणून वरचे दोन नंबर टाका, वायफाय एकदा तोडून जोडा, झालं. एकेका मशीनवर जाऊन डीएनएस बदलत बसू नका, सहा महिन्यांनी कुठे काय टाकलं होतं ते आठवत नाही.

गेटवे ठीक आणि ८.८.८.८ गप्प, तर दोष राउटरपासून पुढे. फायबर असेल तर ती जिथे येऊन लागते त्या कंपनीच्या डबीवरचे दिवे बघा. पॉन लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर पाहिजे. लॉस लाल झाला किंवा लुकलुकायला लागला म्हणजे प्रकाशच येत नाहीये, मग तुम्ही हजार वेळा रीस्टार्ट करा. कपाट सरकवताना ती बारीक पिवळी पॅच कॉर्ड दुमडली गेलीय का एवढंच तुमच्या हातात, तिला हलका गोल वळसा चालतो, काटकोन चालत नाही. डबीच्या सेटिंगमधे आरएक्स पॉवर नावाचा आकडा असतो, म्हणजे तुमच्यापर्यंत किती प्रकाश पोचतोय ते, तो बघून ठेवा, उणे जितकं जास्त तितका प्रकाश कमी. उणे १५ ते उणे २४ डीबीएम असेल तर छान, उणे २७ च्या आसपास गेला की नेट पाऊस पडला की जाणार, गाडी गेली की जाणार, कारण साधारण तिथेच ह्या डब्यांची ऐकायची ताकद संपते. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे उणे २१ वरून उणे २७ वर आलात तर चौथाई उरला. फोनवर "नेट स्लो आहे" म्हणण्यापेक्षा "आरएक्स पॉवर उणे २८ दाखवतोय, महिन्यापूर्वी २१ होता" असं सांगा, समोरच्याचा सूरच बदलतो आणि स्प्लायसिंगवाला (फायबर जोडणारा) माणूस लवकर येतो. आणि फायबरच्या टोकात डोळा घालून बघू नका, तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही पण असतो.

एक गोष्ट कळकळीने, राउटरच्या नाहीतर डबीच्या मागच्या बारीक भोकात टाचणी घालून रीसेट करू नका. बंद-चालू करणं वेगळं आणि रीसेट वेगळं. रीसेटने पीपीपीओईचं (कंपनीच्या नेटवर लॉगिन करायचं) युजरनेम, पासवर्ड, व्हीलॅन (कंपनीने लाइनला दिलेला नंबर) सगळं पुसलं जातं आणि मग ते परत भरायला माणूस येईपर्यंत बसा. ते युजरनेम-पासवर्ड आजच मागून घ्या आणि कागदावर लिहून डबीला चिकटवा, मोबाइलमधे नको.

आता ज्याच्यात लोक सगळ्यात जास्त वेळ घालवतात तो प्रकार. ऑफिसमधे अर्ध्या मशीनवर नेट चालतं, अर्ध्यांवर नाही, प्रिंटर काहींना दिसतो, काहींना ऑफलाइन, आणि सकाळी ज्यांना चालत होतं त्यांचं दुपारी बंद. ह्याला बहुतेक वेळा कारण एकच असतं, कोणीतरी घरातला जुना राउटर आणून "आमच्या कोपऱ्यात रेंज येत नाही" म्हणून भिंतीतल्या पोर्टला लावून टाकलेला असतो. त्या राउटरचं डीएचसीपी चालू असतं. आता नेटवर्कवर पत्ते वाटणारे दोन झाले. मशीन चालू होताना सगळ्यांना ओरडून विचारतं की मला कोणी पत्ता देता का, दोघंही देतात आणि ज्याचं उत्तर आधी येतं त्याचा पत्ता मशीन घेतं. खऱ्या राउटरचा मिळाला तर नेट चालतं, त्या आगंतुकाचा मिळाला तर गेटवेच चुकीचा, नेट बंद. वर आणखी वाईट म्हणजे पत्त्याची मुदत अर्धी संपली की मशीन त्याच आगंतुकाकडे जाऊन मुदत वाढवून घेतं, त्यामुळे बिघडलेलं बिघडलेलंच राहतं आणि लोक विंडोज फॉरमॅट करायच्या गोष्टी करायला लागतात.

पकडायचं कसं? बिघडलेल्या मशीनवर आयपीकॉन्फिग स्लॅश ऑल मारा आणि डीएचसीपी सर्व्हर नावाची ओळ शोधा. समजा तुमचा खरा राउटर १९२.१६८.१.१ आहे आणि इथे १९२.१६८.०.१ लिहिलंय, सापडला चोर. त्या नंबरला पिंग करा, मग एआरपी डॅश ए मारा, त्या नंबरसमोर मॅक अॅड्रेस (यंत्राला कारखान्यातच दिलेला नंबर) दिसेल, त्यातल्या पहिल्या सहा अक्षरांवरून बनवणारी कंपनी कळते, नेटवर शोधलं की लगेच. आता कंपनी कळली म्हणजे टेबलाखाली कुठला डबा शोधायचा ते कळलं. तरी सापडला नाही तर पिंग डॅश टी लावून ठेवा, तो थांबत नाही, आणि स्विचपाशी जाऊन एकेक वायर काढा आणि परत लावा (आपल्या स्वतःच्या मशीनची सोडून). जी काढल्यावर उत्तर यायचं थांबलं, तिच्या दुसऱ्या टोकाला डबा आहे. स्विच मॅनेज्ड (ज्याच्या सेटिंगमधे शिरता येतं असा) असेल तर त्याच्या मॅक टेबलमधे पोर्ट नंबर सरळच दिसतो आणि डीएचसीपी स्नूपिंग (ठरवलेल्या पोर्टशिवाय कोणालाही पत्ते वाटू न देणारी सोय) चालू केलंत तर हा प्रकार पुन्हा होतच नाही, पण लहान ऑफिसात असला स्विच कोण घेतो.

दोन्ही राउटरचा नंबर १९२.१६८.१.१ च असेल तर मात्र गंमत नाही. नेट पाच मिनिटं चालतं, पाच मिनिटं जातं, आणि एआरपी थोड्या थोड्या वेळाने मारून बघितलं तर त्याच एका नंबरसमोर मॅक बदलताना दिसतो. तेवढं दिसलं की दुसरा पुरावा लागत नाही.

जुना राउटर वापरायला हरकत काहीच नाही, फक्त क्रम पाळा. आधी तो बाकी कशालाही न जोडता फक्त लॅपटॉपला जोडा. त्याचा लॅनचा नंबर १९२.१६८.१.२ करा, म्हणजे मुख्य राउटर जे पत्ते वाटतो त्या पट्ट्याच्या बाहेरचा, पट्टा समजा १०० ते २०० असेल. मग डीएचसीपी बंद करा, वायफायचं नाव-पासवर्ड टाका, सेव्ह. आणि मग मुख्य राउटरकडून येणारी वायर त्याच्या लॅन पोर्टमधे लावा, निळ्या किंवा वेगळ्या रंगाच्या वॅन (बाहेरची लाइन घ्यायच्या) पोर्टमधे नाही. वॅनमधे लावली तर डीएचसीपी बंद असल्यामुळे तिथल्या फोनना पत्ताच मिळणार नाही, आणि डीएचसीपी चालू ठेवलंत तर ते वेगळ्याच नेटवर्कात जातील आणि प्रिंटर, टीव्ही काही दिसणार नाही. काही राउटरमधे ॲक्सेस पॉइंट मोड नावाचं एकच बटण असतं, ते असेल तर हे सगळं सोडा आणि तेच दाबा.

स्पीडबद्दल. प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि स्पीड टेस्ट कधीही केली तरी ९४ किंवा ९५, ना वर ना खाली. हा आकडा दिसला की कंपनीला शिव्या देऊ नका, वायर तपासा. १०० एमबीपीएसच्या लिंकवर हेडर वगैरे जाऊन हातात एवढंच उरतं. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० ला चारच पुरतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या. बाकीच्या चारांतली एक जरी पिनमधे नीट बसली नसेल तर लिंक गपचूप १०० वर उतरते, कुठलाही एरर न देता. टोक कापा आणि नवीन कनेक्टर क्रिम्प करा. रंगांचा क्रम पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, दोन्ही टोकांना हाच. हिरव्याच्या जोडीमधे निळी जोडी का घुसवलीय असं वाटतं आणि काही वायरमन "दोन्हीकडे सारखं केलं की झालं" म्हणून रंग ओळीने लावतात. टेस्टरचे आठही दिवे लागतात, पण ३ आणि ६ वेगवेगळ्या पिळातल्या तारांवर जातात, त्यामुळे पीळ घालायचा उद्देशच मेला. दोन मीटरला चालतं, तीस मीटरला एरर. वायर घेताना शुद्ध तांब्याची घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची स्वस्त येते पण पीओईवर (लॅन वायरमधूनच वीज देऊन) कॅमेरे चालवायचे असतील तर ती गरमही होते आणि टोकाला व्होल्टेजही पोचत नाही.

अख्खं ऑफिस एकदम बंद आणि स्विचवरचे सगळे दिवे एका तालात वेड्यासारखे लुकलुकतायत? लूप, म्हणजे एकाच वायरची दोन्ही टोकं एकाच स्विचमधे. साफसफाई करताना कोणीतरी लोंबकळणारी वायर दिसली म्हणून त्याच स्विचच्या रिकाम्या पोर्टमधे खोचलीय. काढा, दहा सेकंदांत सगळं जागेवर.

वायफायचं थोडक्यात. २.४ गिगाहर्ट्झवर चॅनल १, ६ नाहीतर ११, दुसरा ठेवू नका, रुंदी २० मेगाहर्ट्झ. इमारतीत चाळीस राउटर असतील तर त्यातून स्पीडची अपेक्षा सोडा, फोन-लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर टाका आणि २.४ स्मार्ट प्लग वगैरे मंडळींना सोडा. सिग्नल उणे ६५ डीबीएमच्या आसपास असेल तर कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पुढे अडखळतो. राउटर गोदरेजच्या लोखंडी कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे ठेवून रेंज येत नाही म्हणू नये. रिपीटर घेण्यापेक्षा एक लॅन वायर ओढून जुना राउटर वर सांगितल्यासारखा लावा, कितीतरी बरं पडतं.

घरचा सीसीटीव्ही बाहेरून दिसत नाही, पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली विनंती कॅमेऱ्याकडे वळवायची राउटरची सेटिंग) शंभरदा तपासलं? राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ मधलं काही असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, एकच पब्लिक नंबर तुमच्यासारख्या अनेकांत वाटलाय, बाहेरून कोणी तुमच्या दारापर्यंत येऊच शकत नाही. स्टॅटिक आयपी विकत घ्या, नाहीतर टेलस्केलसारखं काहीतरी लावा जे आतून बाहेर जोडणी करतं, नाहीतर आयपीव्ही६ (नव्या प्रकारचे, भरपूर असलेले पत्ते) वरून जमतंय का बघा.

राउटर दिवसातून दोन-चारदा आपोआप रीस्टार्ट होत असेल तर आधी ॲडॅप्टर बदला. तीन-चार वर्षांत त्यातले कपॅसिटर थकतात, मल्टिमीटर लावला तर १२ व्होल्ट दाखवतो पण लोड आला की खाली बसतो. नवीन घेताना व्होल्टेज तंतोतंत तेच, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि पिनवर प्लस आत की बाहेर ते डब्यावरच्या चित्राशी जुळवा. लाइट जाते म्हणून राउटरचा छोटा यूपीएस घेणार असाल तर आधी केबलवाल्याला विचारा की मधे बिल्डिंगच्या लाइटवर चालणारा स्विच किंवा कन्व्हर्टर (फायबरमधला सिग्नल लॅन वायरवर आणणारा डबा) आहे का. असेल तर तुमचा राउटर जागा राहील आणि नेट तरी जाईलच. थेट पॉन असेल, म्हणजे कंपनीपासून तुमच्या डबीपर्यंत फायबरच असेल, तर मधल्या स्प्लिटरला (एका फायबरमधला प्रकाश अनेकांत वाटणारा) वीजच लागत नाही, तिथे यूपीएसचे पैसे वसूल होतात.

आणि एका बिल्डिंगमधून दुसरीत लॅन वायर ओढलेली असेल तर जूनच्या आधी ती काढून फायबर टाका, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर लावा. वीज जवळपास पडली तरी तांब्याच्या लांब वायरमधे व्होल्टेज चढतं आणि दोन्हीकडच्या स्विचचे पोर्ट जातात, कधी त्याला जोडलेले मदरबोर्डसुद्धा. फायबर घेताना आतून स्टीलची तार घातलेला बाहेरचा प्रकार घेतलात तर ती तार कन्व्हर्टरपर्यंत आणू नका, इमारतीत शिरताना कापून टाका.