शहरात आहे म्हणून हलक्यात घेऊ नका: सिंगापूरच्या बुकित तिमा आणि मॅकरिचीत हमखास होणाऱ्या चुका

सिंगापूरला राहायला आल्यापासून दर सुट्टीत कुणी ना कुणी पाहुणे येतात आणि "तुमच्याकडचं ते शहरातलं जंगल दाखव" म्हणतात. मी आनंदाने नेते. पण चुका दर वेळी त्याच होतात, आणि कारणही तेच असतं. ब्युटी वर्ल्ड मेट्रो स्टेशनातून चालत पंधरा-वीस मिनिटांत बुकित तिमाचं फाटक येतं, मोबाइलला रेंज असते, म्हणून माणूस बागेत आल्यासारखा वागतो. ही बाग नाही. १८८३ पासून राखलेलं हे विषुववृत्तीय वर्षावन आहे.

दुपारी ट्रीटॉप वॉकला निघणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि मी तिची साक्षीदार आहे. मावशी, काका आणि त्यांचे मुलगा-सून आले होते. सकाळ खरेदीत गेली, मग जेवण, आणि "सावलीतूनच तर चालायचंय" असं म्हणत आम्ही तीन वाजता मॅकरिची जलाशयाच्या काठावर उतरलो. उशीर झालाय हे मला कळत होतं, पण मी ठामपणे अडवलं नाही. याची मला आजही रुखरुख आहे.

तिथून ट्रीटॉप वॉकपर्यंत, म्हणजे झाडांच्या शेंड्यांजवळून जाणाऱ्या झुलत्या पुलापर्यंत, सुमारे साडेचार किलोमीटरची पायवाट आहे. नकाशात सरळ दिसते, प्रत्यक्षात मुळं, चढउतार आणि निसरडी माती. निम्म्या वाटेत काकांचा गुडघा दुखायला लागला. पुलाशी पोचलो तेव्हा पाच वाजून गेले होते आणि प्रवेश बंद झाला होता. "अगं, पाचच मिनिटं सोडा म्हणावं," मावशी म्हणाली. सोडत नाहीत, आणि सोडूही नये. पूल २५० मीटर लांब आणि एकेरी आहे. पाऊल ठेवलं की मागे फिरता येत नाही, आणि पलीकडे उतरल्यावर पायऱ्यांची लांबलचक वाट उरतेच. अंधार पडायच्या बेतात असताना तिथे कुणाला पाठवायचं?

परत फिरलो तेवढ्यात आभाळ काळवंडलं. अर्धी वाट पावसात आणि विजांच्या कडकडाटात गेली. काका माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होते, सुनेच्या पायातली सपाट चप्पल प्रत्येक उतारावर घसरत होती. काठावर परतलो तेव्हा सात वाजून गेले होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. व्हीनस ड्राइव्हजवळच्या विंडसर नेचर पार्कमधून शिरायचं, कारण तिथून पूल बराच जवळ पडतो. आठच्या सुमाराला चालायला लागायचं. मंगळवार ते शुक्रवार पूल नऊला उघडतो, शनिवार-रविवारी साडेआठला. सोमवारी बंद, त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असेल तरच उघडा. तरी आदल्या रात्री उद्यान खात्याच्या संकेतस्थळावर बघून घ्या, दुरुस्तीसाठीही पूल बंद ठेवतात. आणि अकरापर्यंत बाहेर. दुपारनंतर इथे विजा फार होतात, विशेषतः एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. कडकडाट सुरू झाल्यावर उंच झाडाखाली छत्री उघडून उभे राहिलेले लोक दिसले की माझ्या पोटात गोळा येतो. छप्पर असलेल्या निवाऱ्याकडे चला. झाडाखाली थांबू नका.

माकडांना खाऊ घालणं

ही सवय आपण घरून घेऊन येतो. घाटात गाडी थांबवून, गडावर देवदर्शन झाल्यावर, माकडाला शेंगदाणे-केळी द्यायची. मारुतीचं रूप म्हणून हात जोडायचे. भावना मला कळते, पण इथली लांब शेपटीची मकाक माकडं यामुळेच बिघडतात. खायला मिळतं म्हणून ती रस्त्याकडे सरकतात आणि गाडीखाली येतात. रानातली फळं खाऊन बिया दूरवर टाकणं हे त्यांचं काम, तेही सुटतं. वन्यप्राण्यांना खाऊ घालणं हा इथे गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दंड ५,००० सिंगापूर डॉलरपर्यंत होऊ शकतो.

आणि न देताही तुम्ही आमिष दाखवू शकता. प्लॅस्टिकची पिशवी नुसती हातात धरली तरी या माकडांच्या लेखी ती खाऊचीच पिशवी. एका पाहुण्यांनी चिवड्याची पिशवी अशीच हातात धरली होती. मोठा नर समोर आला तेव्हा त्यांनी ती छातीशी कवटाळली आणि मनगटावर ओरखडे घेऊन थेट दवाखाना गाठावा लागला. सगळं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये ठेवा. वाटेवर काही खाऊ नका. डोळ्याला डोळा भिडवू नका, दात दाखवून हसू नका, पळू नका. त्याने पिशवी धरलीच तर सोडून द्या.

"वर काहीच नाही" म्हणून परतणं

बुकित तिमाचा माथा १६३ मीटरच्या थोडा वर, सिंगापूरमधली सर्वात उंच नैसर्गिक जागा. लोक डांबरी चढ धापा टाकत चढतात, वर झाडांमुळे शहर दिसत नाही म्हणून हिरमुसतात, दगडाजवळ फोटो काढतात आणि अर्ध्या तासात खाली. घाईने रान दिसत नाही. १८५४ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस या ब्रिटिश निसर्गशास्त्रज्ञाने इथे सुमारे दोन महिन्यांत ७०० जातींचे भुंगेरे गोळा केले, तेही बहुतेक एका चौरस मैलाच्या आत. जंगल तेच आहे. सेराया या उंच झाडाच्या सरळसोट खोडाशी दहा मिनिटं गप्प उभे राहा. खोडाला चिकटून झोपलेला कोलुगो, म्हणजे झाडावरून झाडावर तरंगत जाणारा सस्तन प्राणी, मला असाच दिसला. सालीचाच भाग वाटला होता, तोच त्याने मान वळवली.

बाकीच्या चुका थोडक्यात. जीन्स घालू नका, घामाने जड होते आणि वाळत नाही. माणशी किमान एक लिटर पाणी घ्या. डास चावतात आणि शहरात डेंग्यू आहे, तेव्हा मलम लावूनच निघा. स्पीकरवर गाणी लावू नका, हे मी वाटेत अनोळखी माणसांनाही सांगते. फोटोसाठी पायवाट सोडू नका, रोपं तुमच्या पायाखाली मरतात. ड्रोन घरीच ठेवा. बुकित तिमा सकाळी सात ते संध्याकाळी सातच उघडं असतं. सूर्य वर्षभर सातच्या आसपास मावळतो, पण दाट झाडांखाली त्याआधीच दिसेनासं होतं. त्यामुळे सकाळी निघालात तरी टॉर्च सॅकमध्ये असू द्या. मोबाइलच्या चार्जिंगवर विसंबू नका.