ड्रायव्हर घेण्याआधी मोटारचा खरा करंट काढा

भंगारातल्या १२ व्होल्टच्या वायपर मोटारवर बहुतेक वेळा करंटचा आकडा लिहिलेली प्लेट नसते. रिकामी फिरताना ती दोन-तीन अँपिअर घेते, ते बघून पोरं एल२९८एन ड्रायव्हर (मोटार चालवणारं छोटं सर्किट) लावतात आणि भार आला की तो जळतो. सुरू होताना किंवा अडकल्यावर मोटार कितीतरी जास्त ओढते. तो आकडा मोटारच्या रोधावरून आधीच काढता येतो. मल्टिमीटरच्या ओहमवर मात्र विसंबू नका, एक ओहमच्या खाली तो गंडवतो.

१. मोटारचा शाफ्ट व्हाइसमध्ये घट्ट धरा.
२. बॅटरी, गाडीच्या इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब आणि मोटार, सगळं एका ओळीत जोडा. बल्बमुळे करंट दोन अँपिअरच्या आत राहतो.
३. करंट मोजा. व्होल्टेज मोजताना प्रोब थेट मोटारच्या टर्मिनलवर ठेवा, नाहीतर वायरचा रोधही त्यात मिसळतो.
४. व्होल्टेजला करंटने भागा. समजा ०.८ व्होल्ट आणि १.६ अँपिअर मिळाले, तर रोध ०.५ ओहम. १२ भागिले ०.५, म्हणजे २४ अँपिअर!

शाफ्ट थोडा फिरवून तीन-चार जागी मोजा, कारण आतला कार्बनचा ब्रश कुठे टेकलाय त्यावर आकडा हलतो. सगळ्यात कमी रोध धरा. ड्रायव्हर त्या करंटच्या दीडपट तरी घ्या, एल२९८एनची मजल एका चॅनेलला दोनच अँपिअर आहे.

शाफ्ट अडकलेला असताना बल्ब काढून मोटार थेट बॅटरीला लावू नका, वाइंडिंग काही सेकंदांत तापतं.