पपी लिनक्स आणि मेलेली बॅटरी

‘जुना लॅपटॉप पडून आहे, हलकं लिनक्स टाकून शिकू का?’ असं कोणी लिनक्सबद्दल, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत सिस्टीमबद्दल, विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो: बॅटरी जिवंत आहे का?

माझी नव्हती. अमळनेरजवळचं आमचं गाव आणि मामाने दिलेलं नेटबुक. अ‍ॅटम एन२७० प्रोसेसर, १ जीबी रॅम, चार्जर काढला की खेळ खलास. हा प्रोसेसर फक्त ३२-बिट, म्हणजे ६४-बिटची सिस्टीम त्याला पेलतच नाही, हे न बघता मी मोबाईलच्या डेटावर रात्रभर ६४-बिटची आयएसओ (लिनक्स टाकायची फाइल) उतरवली. ती सुरूच झाली नाही. उबंटू या लिनक्सच्या प्रकाराने २०१९ मध्येच ३२-बिटचा नाद सोडला आणि डेबियन या दुसऱ्या प्रकाराच्या २०२५ च्या आवृत्तीला, डेबियन १३ ला, ३२-बिटचा इन्स्टॉलरच नाही. तेव्हा आधी प्रोसेसरचं नाव बघा, मग डेटा जाळा. अशा मशीनला पपी किंवा अँटीएक्स या हलक्या लिनक्सच्या ३२-बिट आवृत्त्या चालतात. मी पपी घेतलं, पेन ड्राइव्हवर.

आता नीट वाचा, कारण मी इथेच आपटलो. पपी सुरू होताना स्वतःला रॅममध्ये चढवतं, म्हणून ते जुन्या मशीनवरही पळतं. पहिल्यांदा बंद करताना ते विचारतं, सेव्ह फाइल, म्हणजे तुमचं काम साठवणारी फाइल, बनवू का? मी ‘हो’ म्हटलं आणि निर्धास्त झालो. पण पेन ड्राइव्हवरून चालवताना तुम्ही केलेलं काम लगेच त्या फाइलमध्ये जात नाही. ते रॅममध्येच थांबतं, आणि वीज गेली की रॅम रिकामी. ठरावीक वेळाने, मशीन नीट बंद करताना किंवा डेस्कटॉपवरचं सेव्हचं चिन्ह दाबल्यावरच ते पेन ड्राइव्हवर उतरतं. म्हणजे एडिटरमध्ये तुम्ही फाइल ‘सेव्ह’ केली तरी ती रॅममध्येच असू शकते. त्यात एका व्हिडिओत ऐकलं होतं, आपोआप सेव्ह होणं बंद केलं की पेन ड्राइव्ह जास्त टिकतो. मी पपीच्या सेटिंगमध्ये त्या ठरावीक वेळेच्या जागी शून्य टाकून मोकळा झालो.

मे महिना. सकाळी ९ पासून बसून आप्पांच्या कापसाच्या वजनाचा हिशोब करणारी शेल स्क्रिप्ट (कमांडींचा छोटा प्रोग्राम) लिहिली. तीन वाजता पंखा थांबला आणि त्याच क्षणी स्क्रीन काळी. माय आतून म्हणाली, ‘लाईट गयी, आते जेवी ले.’ संध्याकाळी मशीन चालू केलं तर फोल्डर कालच्यासारखं रिकामं.

आता मी कामाच्या फाइली ‘एमएनटी’ फोल्डरमधल्या ‘होम’मध्ये ठेवतो. तो खुद्द पेन ड्राइव्हच असतो, रॅम नव्हे. वर ‘सिंक’ ही कमांड मारतो, म्हणजे राहिलेलं सगळं लगेच पेन ड्राइव्हवर लिहिलं जातं. पपी हार्ड डिस्कवर फ्रुगल पद्धतीने (एका फोल्डरात मोजक्या फाइली ठेवून) टाकलंत तर बदल थेट सेव्ह फाइलमध्ये जातात, ही डोकेदुखी बरीच कमी होते. पपीचा पेन ड्राइव्ह बनवताना मात्र डिस्कचा आकार वाचून निवडा, कारण निवडलेली डिस्क पुसली जाते. घाईत घरच्या पीसीची डिस्क पुसलेले दोघं मला माहीत आहेत.

पाच मिनिटांत सगळं टाकून देणाऱ्या सिनियरपासून लांब राहा. त्याने दिलेला पेन ड्राइव्ह बिघडला की तुम्ही पुन्हा त्याच्याच दारात. मला शिकवलं ते एका सायबर कॅफेवाल्याने. तो माझ्या कीबोर्डला हात लावायचा नाही. शेजारी उभं राहून एवढंच म्हणायचा, ‘वाच, काय लिहिलंय.’ तेव्हा राग यायचा.

बाकी घाबरू नका. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) येत नाही म्हणून अडत नाही, ते आठवड्याभरात हाताला बसतं. वायफाय दिसलं नाही तर मोबाईल केबलने जोडून टेदरिंग (मोबाईलचं नेट लॅपटॉपला देणं) चालू करा. १ जीबीत सिस्टीम आरामात चालते, दम लागतो तो ब्राउझरला. चार टॅब उघडून लिनक्सला शिव्या देऊ नका.

स्क्रिप्ट त्याच रात्री परत लिहिली. सकाळी सहा तास लागले होते, रात्री पाऊण तास. ती अजून चालते. फक्त आप्पा हिशोब अजूनही वहीतच लिहितात.