पाळीआधीचा आठवडा आणि माझ्या ऑर्डरी

दादरच्या घरातून मी खणाच्या साड्या ऑनलाइन विकते. मला एडीएचडी आहे, म्हणजे लक्ष एका जागी टिकत नाही; त्यासाठी मिथाइलफेनिडेटची गोळी सुरू आहे. तरी दर महिन्याला चार-पाच दिवस असे यायचे की गोळी घेऊनही पार्सलवर पत्ता लिहिता लिहिता मी अर्ध्यातून उठून जायचे. एकदा पुण्याची साडी नागपूरला गेली. फार रडले त्या दिवशी.

मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाळीच्या तारखा आणि चुकलेल्या ऑर्डरी शेजारी शेजारी लिहिल्या, तीन महिने. बहुतेक चुका पाळीआधीच्याच आठवड्यातल्या! डॉक्टर म्हणाल्या, तेव्हा इस्ट्रोजेन हे हार्मोन उतरतं, त्याचा डोपामिनशी, म्हणजे लक्ष टिकवायला मदत करणाऱ्या मेंदूतल्या रसायनाशी संबंध आहे, काही जणींना गोळी कमी पडल्यासारखी वाटते. डोस मनाने वाढवायचा नाही, हे दोनदा बजावलं.

आता त्या आठवड्यात नवा स्टॉक टाकत नाही. पत्ते जाऊबाई तपासतात.