एटीव्हीच्या ड्राइव्हट्रेनमधून आवाज येतोय? सुटे भाग बदलण्याआधी या चुका टाळा

एटीव्हीच्या (जाड टायरांच्या, कच्च्या रस्त्यावर चालणाऱ्या चारचाकीच्या) ड्राइव्हट्रेनमधून, म्हणजे इंजिनची ताकद चाकांपर्यंत नेणाऱ्या भागांतून, खडखड सुरू झाली की पहिला प्रश्न येतो, "आवाज कुठून येतोय?" शोध भरकटतो तो इथेच. एटीव्हीची चासी म्हणजे पोकळ नळ्यांचा सांगाडा. मागच्या डिफरन्शिअलमधली (शाफ्टची ताकद दोन्ही चाकांना वाटणाऱ्या गिअरपेटीतली, थोडक्यात 'डिफ'मधली) घरघर त्या नळ्यांतून सरळ पुढे येते आणि सीटखाली, कधी कधी तर हँडलपाशी ऐकू येते. त्यात प्लॅस्टिकचे फेंडर आणि खालची स्किड प्लेट आपला गोंगाट मिसळतात. आवाजाची जागा ओळखण्यात कान सर्रास फसतो. तो आवाज कशाने वाढतो, कशाने थांबतो, हे मात्र तोच कान नेमके सांगतो. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी दहा मिनिटे गाडी चालवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलत ऐका.

वेग तोच ठेवून गिअर हायवरून लोवर आणला, म्हणजे इंजिनची रेस वाढली, तरी आवाजाची लय तशीच राहिली तर दोष गिअरबॉक्सच्या पुढे आहे : शाफ्ट, डिफ, एक्सल किंवा चाक. लय रेसबरोबर बदलली तर इंजिन, क्लच आणि बेल्टकडे वळा. मग थ्रॉटल देताना आणि सोडताना काय फरक पडतो ते पाहा. मग टू-व्हील आणि फोर-व्हील. मग डावे वळण, उजवे वळण. शेवटी ब्रेक हलकेच दाबून बघा. आवाज बदलला तर आधी कॅलिपर आणि डिस्क तपासा, तिथे अडकलेला एखादा खडा पूर्ण गिअरबॉक्स गेल्यासारखा आवाज करू शकतो.

आवाज मोजता येतो, आणि बहुतेक जण तो मोजत नाहीत

माझ्या मते ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. २६ इंची टायरचा घेर जवळपास २ मीटर असतो. ताशी १० किलोमीटर वेगाला ते चाक मिनिटाला साधारण ८० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला एकाहून थोडे जास्त. शाफ्टवर चालणाऱ्या बहुतेक एटीव्हींत चाकाच्या एका फेऱ्यात प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंतचा दांडा) तीन-चार वेळा फिरतो. त्यामुळे याच वेगाला 'टक... टक...' अशी सेकंदाला एखादी टकटक येत असेल तर ती चाकाच्या बाजूची. सेकंदाला चार-पाच येत असतील तर शाफ्टवर संशय घ्या.

चालवताना मोजणे जमत नसेल तर इंजिन बंद करा, गाडी न्यूट्रलला टाका, टायरवर खडूने रेघ मारा आणि सपाट जागेवर कोणाला तरी ढकलायला सांगा. एका फेऱ्यात किती वेळा टक झाले ते मोजा. पैसे लागत नाहीत, आणि निम्मी गाडी संशयाच्या यादीतून बाहेर पडते.

"न्यूट्रलमध्येही येतोय, म्हणजे इंजिनचाच"

सीव्हीटी (बेल्ट आणि दोन पुलींनी ताकद पुढे नेणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत हा निष्कर्ष चुकतो. तिथे न्यूट्रल असतो गिअरबॉक्समध्ये, म्हणजे बेल्ट आणि दोन्ही पुलींच्या पलीकडे. न्यूट्रलमध्ये थोडी रेस दिली की पुढची पुली बेल्ट पकडते, मागची पुली फिरू लागते आणि गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्टही फिरतो. न्यूट्रलमधला आवाज यांपैकी कशाचाही असू शकतो. (होंडाच्या अनेक युटिलिटी एटीव्हींना बेल्टच नसतो, गिअर असतात, तिथे हे गणित लागू नाही.)

आयडलवर खडखड होते आणि रेस देताच थांबते, तर पुढच्या पुलीतली वजने किंवा रोलर ढिले झालेत का पाहा. निघताना चीं करून ओरडते, तर बेल्ट घसरतोय : पाणी शिरलेले असते, पुलीवर तेल किंवा ग्रीस लागलेले असते किंवा बेल्टच्या कडा घासून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या असतात. आणि हळू चालताना धडधड-धडधड होऊन वेग घेतल्यावर गाडी मऊ चालते, तर बेल्ट काढून त्याच्या कडेवरून बोट फिरवा. चिखलात रुतलेली गाडी थ्रॉटल दाबून काढायचा प्रयत्न झाला की पुली फिरते, बेल्ट मात्र जागच्या जागी घासतो आणि तिथे खळगा पडतो. असा बेल्ट साफ करून सुधारत नाही, बदलावाच लागतो. बदलताना पुलीच्या तोंडावर चिकटलेले जळके रबर काढा, नाहीतर नवा बेल्टही ओरडेल.

न्यूट्रलमधून गिअर टाकताना खर्रर होत असेल तर लोक गिअरबॉक्स उघडायला निघतात. आधी आयडल जास्त तर नाही ना ते बघा. आयडल चढा असेल किंवा पुढची पुली नीट उघडत नसेल, तर बेल्ट ओढला जात राहतो आणि फिरत्या गिअरमध्ये दुसरा गिअर घुसवावा लागतो. गिअरबॉक्सचा त्यात काही दोष नसतो.

जॅकवर उचलून चाके फिरवायची आणि त्यावर विश्वास ठेवायचा

गाडी चासीवर उचलली की चाके खाली लोंबतात आणि सीव्ही जॉइंटचा (एक्सलच्या टोकाच्या वाकणाऱ्या सांध्याचा) कोन नेहमीपेक्षा खूप वाढतो. अशा कोनात धडधाकट जॉइंटही कुरकुरतो. उलट खरा दोष भाराखालीच बोलत असेल तर हवेतल्या चाकावर तो गप्प बसतो. म्हणजे निर्दोष भाग बदलला जातो आणि दोषी तसाच राहतो. आधार ए-आर्मखाली (चाकाला चासीशी जोडणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याखाली) द्या, म्हणजे सस्पेन्शन नेहमीच्या उंचीला राहील. दोन चाके जमिनीवर ठेवून फोर-व्हीलमध्ये गिअर टाकू नका, गाडी स्टँडवरून उडी मारेल. क्लचचे (पुली आणि बेल्टवरचे) कव्हर काढून इंजिन चालवायचा मोहही टाळा. तुटलेला बेल्ट कुठे जाईल सांगता येत नाही.

कटकट ऐकली की सीव्ही जॉइंट बदलला

वळताना थ्रॉटल दिला की कट-कट-कट, सरळ चालताना शांतता : हे बाहेरच्या सीव्ही जॉइंटचे लक्षण खरेच. पण पुढच्या चाकांची कटकट टू-व्हीलला नाहीशी होते का, ते आधी पाहा. टू-व्हीलमध्ये पुढचे एक्सल फिरतात, पण ताकद ओढत नाहीत. आवाज तिथे थांबला तर चाकाचे बेअरिंग निर्दोष, कारण गाडी टू-व्हीलमध्ये आहे की फोर-व्हीलमध्ये याने बेअरिंगला काही फरक पडत नाही. मग बूट, म्हणजे जॉइंटवरचे रबरी आवरण, तपासा. फाटलेला बूट, आतल्या बाजूला उडालेले काळे ग्रीस, त्यात मातीची किरकिर असेल तर शंका मिटली. जॉइंट नुकताच उघडा पडला असेल, तर धुऊन, मॉलिब्डेनम असलेले सीव्ही ग्रीस भरून नव्या बुटासह तो वाचू शकतो. कटकट सुरू झाल्यावर ग्रीस भरणे म्हणजे उशीर.

लिफ्ट किट (गाडीची उंची वाढवणारे भाग) लावल्यावर आवाज सुरू झाला असेल तर नवा जॉइंटही फार दिवस टिकणार नाही. तिथे कोनच चुकला आहे.

प्रॉपेलर शाफ्टवरचा युनिव्हर्सल जॉइंट, ज्याला गॅरेजमध्ये क्रॉस म्हणतात, वेगळा बोलतो. सुरुवातीला चिमणीसारखी कुईकुई, वेगाबरोबर वाढणारी. पुढे ड्राइव्हवरून रिव्हर्सला टाकताना 'ठक्'. इंजिन बंद करून जॉइंटच्या दोन्ही बाजू धरा आणि उलटसुलट पिळा. किंचितही ढिलाई जाणवली, किंवा टोप्यांभोवती गंजाची लालसर भुकटी दिसली, तर क्रॉस गेला. शाफ्ट काढण्याआधी दोन्ही भागांवर खूण करा. स्प्लाइनमध्ये (शाफ्टच्या दातेरी खाचांमध्ये) एक दात चुकून बसला तरी दोन टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत राहत नाहीत, आणि नव्या क्रॉससह गाडी आधीपेक्षा जास्त थरथरते.

ठक् आवाजासाठी इंजिन माउंटही बघा. रबर गेले की थ्रॉटल सोडताना अख्खे इंजिन हलते, आणि शिक्षा मात्र डिफला होते.

चाक हलते म्हणजे बेअरिंग गेले, असे नाही

बेअरिंगची घरघर वेगाबरोबर चढते आणि वळणावर भार एका बाजूला गेला की बदलते. तपासताना चाक वरून-खालून धरून हलवा. ढिलाई लागली तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेकने हब नकलला (बेअरिंग ज्यात बसते त्या सस्पेन्शनच्या भागाला) जखडला जातो. ढिलाई गेली तर बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट. फक्त डावीकडे-उजवीकडे हलत असेल तर टाय रॉडकडे (स्टिअरिंगच्या दांड्याकडे) जा. एक्सलचा नट ढिला असला तरी हबच्या स्प्लाइनमध्ये असाच ठकठकाट होतो, म्हणून तो सगळ्यात आधी तपासा.

चेनवर चालणाऱ्या स्पोर्ट एटीव्हींचे काम सोपे. चेन एका जागी ताणलेली आणि दुसऱ्या जागी सैल असेल, स्प्रॉकेटचे दात हुकासारखे वाकले असतील, तर चेन-स्प्रॉकेट जोडीने बदला आणि मागच्या एक्सल कॅरियरचे बेअरिंग त्याच वेळी तपासा.

डिफचे ऑइल न बघताच ओतून टाकणे

ड्रेन प्लगच्या लोहचुंबकावर राखाडी लेप असणे साहजिक आहे. बोटांत टोचणारे कण किंवा चकत्या असतील तर आत गिअर किंवा बेअरिंग तुटते आहे. दुधाळ ऑइल म्हणजे पाणी, आणि ते बहुधा ब्रीदरच्या (डिफमध्ये हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या) नळीमुळे शिरते. तापलेला डिफ थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर डिफ सीलमधून पाणी ओढतो. ऑइल बदलून ब्रीदर तसाच ठेवला तर पुढच्या ओढ्यात तेच होईल.

भरायचे ऑइल मॅन्युअल सांगेल तेच. काही गाड्यांच्या डिफमध्ये क्लच प्लेट किंवा तेलात बुडालेले ब्रेक असतात. चुकीच्या ऑइलने ते वळताना गुरगुरतात. पोलारिसच्या पुढच्या गिअरकेसमध्ये रोलर क्लच असतो, तोही तेलाबाबत नाजूक.

फोर-व्हील लॉक करून कोरड्या, कडक रस्त्यावर वळताना येणारे धक्के हा दोष नाही, तो वापर चुकीचा आहे. मात्र मोकळ्या मातीवरही धक्के बसत असतील तर चारही टायरांची हवा सारखी करा. अनेक एटीव्हींत ती ५ ते ७ पीएसआय इतकीच असते, त्यामुळे एखाद्या पीएसआयचा फरकही टायरचा घेर बदलतो. मग पुढच्या-मागच्या टायरचा एक पूर्ण फेरा जमिनीवर मोजून कंपनीने दिलेल्या आकाराशी ताडा. रिव्हर्समधली बारीक शिट्टीही अनेक गाड्यांत सरळ दातांच्या गिअरची असते, तिच्यासाठी काही उघडू नका.

दळल्यासारखा आवाज, अचानक अडकणारे चाक किंवा हात लावता येणार नाही इतके तापलेले हब असेल तर तिथेच थांबा आणि गाडी ओढून न्या. पुढचा सीव्ही जॉइंट पूर्ण तुटला असेल तर टू-व्हीलवर सावकाश परतता येते, पण सुटलेला शाफ्ट फिरताना ब्रेकच्या नळीवर आपटतो, म्हणून तो आधी सोडवा. अख्खा एक्सल बाहेर काढून मात्र चाकावर गाडी चालवू नका. बऱ्याच एटीव्हींत बाहेरच्या जॉइंटचा स्टब (हबमध्ये जाणारे टोक) आणि त्यावरचा नटच हबला बेअरिंगमध्ये धरून ठेवतो, त्यामुळे तेवढा तुकडा हबमध्ये कसलेला राहायलाच हवा.