पैलवान मुलीने मातृत्वाचा निर्णय आपल्या हाती कसा ठेवावा

लढतीच्या खेळात राष्ट्रीय पातळीपर्यंत पोहोचलेल्या मुलीने पंचविशी गाठली की तिच्या शरीराविषयी बोलणारी माणसे एकदम वाढतात. घरच्यांना आधी लग्नाची आणि मग पाळण्याची घाई असते, वस्तादांना पुढच्या निवड चाचणीची काळजी असते, नोकरी खेळाडू कोट्यातून मिळाली असेल तर खात्याला पदकाची अपेक्षा असते. आणि या सगळ्यांत जिचे शरीर आहे तिने काय ठरवले आहे, हे विचारायचेच राहून जाते. मूल हवे की नको, हवे तर केव्हा, आणि बाळंतपणानंतर गादीवर परतायचे की नाही, हे तिन्ही निर्णय तिचे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच अपत्याविषयीची स्त्रीची निवड ही घटनेच्या कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानली आहे. मात्र हा अधिकार प्रत्यक्षात हाती ठेवायचा असेल तर त्याची तयारी वेळेआधी आणि कागदोपत्री करावी लागते. पुढील मार्गदर्शन कुस्ती आणि बॉक्सिंग खेळणाऱ्या मुलींना डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहे.

आधी काळाचा हिशेब

मेरी कोमने २००७ मध्ये जुळ्या मुलांना जन्म दिला आणि २००८ मध्ये चीनमधील निंगबो येथे पुन्हा जागतिक विजेतेपद मिळवले. तिसरा मुलगा २०१३ मध्ये झाला आणि २०१४ च्या इंचिऑन आशियाई स्पर्धेत तिने सुवर्णपदक जिंकले. गीता फोगट डिसेंबर २०१९ मध्ये आई झाली आणि मधला करोनाचा काळ ओलांडून २०२१ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने रौप्यपदक पटकावले. फ्रान्सची ज्यूदोपटू क्लारिस आग्बेन्येनू जून २०२२ मध्ये आई झाली आणि मे २०२३ मध्ये दोहा येथे पुन्हा जगज्जेती ठरली. म्हणजे जागतिक दर्जाच्या खेळाडूंनाही प्रसूतीनंतर अकरा महिन्यांपासून जवळपास दोन वर्षांपर्यंतचा काळ लागला आहे. गरोदरपणाचे महिने त्यात मिळवा, आणि मग आशियाई व ऑलिंपिक स्पर्धांच्या वर्षांशी हा काळ ताडून पाहा. हा हिशेब जोडीदारासमोर बसून, शक्य असेल तर लग्न ठरवतानाच मांडावा. बोलणी चालू असताना मुलीने हा विषय काढणे अनेक घरांत अजून उद्धटपणाचे मानले जाते, पण लग्नानंतर त्याच विषयावर सासर, माहेर आणि तालीम अशा तिन्ही बाजूंनी ओढाताण होण्यापेक्षा तो अवघडलेपणा परवडतो.

पाळी, वजन आणि गर्भनिरोधन

कुस्तीने गर्भाशयाला इजा होते किंवा मूल राहत नाही, हा समज खोटा आहे. शरीराला खरी झळ बसते ती वर्षानुवर्षे वजन उतरवण्यासाठी अर्धपोटी राहून कसून मेहनत केल्याने. मेहनतीला पुरेल इतका खुराक पोटात गेला नाही की पाळी लांबते, मग बंद होते, आणि त्याबरोबर हाडेही ठिसूळ होऊ लागतात. पाळी बंद होणे हे चांगल्या तयारीचे लक्षण आहे असे कोणी सांगत असेल तर त्या सल्ल्यावर विश्वास ठेवू नका. सलग तीन महिने पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. पाळी येत नाही म्हणून दिवस राहणार नाहीत, असेही धरून चालू नका, कारण बीज पाळीच्या आधी सुटते आणि पाळी परतण्यापूर्वीच गर्भधारणा होऊ शकते.

साधन निवडताना डॉक्टरांना आपला खेळ आणि वजनगट सांगा. तांबी सरकारी रुग्णालयात मोफत बसवून मिळते आणि तिच्यात संप्रेरके नसतात, पण तिच्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून हिमोग्लोबिन अधूनमधून तपासावे. तीन महिन्यांनी घ्यायचे ‘अंतरा’ इंजेक्शनही सरकारी केंद्रांत मिळते. मात्र ते दीर्घकाळ घेतल्यास हाडांची घनता कमी होऊ शकते, आणि आधीच वजन उतरवणाऱ्या मुलीच्या दृष्टीने ही गोष्ट क्षुल्लक नाही. मूल राहण्यासाठी उपचार घेणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. क्लोमिफीन आणि लेट्रोझोल ही त्यासाठी सर्रास दिली जाणारी औषधे, तसेच पीसीओएसमध्ये (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांच्या विकारात) कधीकधी दिले जाणारे स्पायरोनोलॅक्टोन, जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत. उपचार सुरू होण्यापूर्वीच ‘नाडा’कडे, म्हणजे आपल्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेकडे, उपचारार्थ सवलतीचा (बंदी असलेले औषध उपचारासाठी घेण्याच्या परवानगीचा) अर्ज कसा करायचा, हे आपल्या डॉक्टरांबरोबर बसून पाहा. नंतर दिलेली सबब सहसा टिकत नाही.

नको असलेली गर्भधारणा

दिवस राहिले आणि मूल नको असेल, तर १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती तुमच्या बाजूने आहे. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते आणि गर्भनिरोधक साधन निकामी ठरणे हे कारण कायद्याने ग्राह्य धरले आहे. वीस ते चोवीस आठवड्यांदरम्यान ठरावीक परिस्थितींत दोन डॉक्टरांचे मत लागते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले की अविवाहित स्त्रीला यात वेगळे काढता येणार नाही. सज्ञान स्त्रीच्या बाबतीत फक्त तिची स्वतःची संमती लागते. नवऱ्याची, सासूची किंवा प्रशिक्षकाची सही कोणी मागत असेल तर ती कायद्याने आवश्यक नाही, एवढे वाक्य ठामपणे म्हणता आले पाहिजे. वय अठरापेक्षा कमी असेल तर पालकांची लेखी संमती लागते. तुमचे नाव उघड न करणे हे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. औषधाच्या दुकानातून परस्पर गोळ्या आणून शिबिराच्या वसतिगृहात घेणे हा मात्र जिवावरचा खेळ आहे.

हीच गोष्ट उलट बाजूनेही तितकीच खरी आहे. मूल हवे असलेल्या खेळाडूवर ‘एवढी स्पर्धा होऊ दे’ म्हणून गर्भपातासाठी दबाव आणण्याचा अधिकार कोणत्याही संघाला, खात्याला किंवा वस्तादाला नाही.

तपासणीच्या बाबतीतही सावध राहा. बॉक्सिंगमध्ये लढतीपूर्वी आपण गरोदर नसल्याचे घोषणापत्र खेळाडूकडून घेतले जाते आणि बाळाच्या सुरक्षिततेसाठी ते योग्यच आहे. पण २०१४ मध्ये जेजू येथील जागतिक स्पर्धेआधी भारतीय बॉक्सर मुलींच्या, त्यांत अविवाहित मुलींच्याही, गर्भधारणा चाचण्या केल्याचे उघड झाले आणि त्यावर मोठा आक्षेप घेतला गेला, कारण नियमाला घोषणापत्र पुरेसे होते. तुमच्यासमोर असा कागद आला तर तो पूर्ण वाचा, नियम लेखी दाखवायला सांगा, आणि अहवाल कोणाकोणाच्या हाती जाणार आहे हे विचारल्याशिवाय सही करू नका.

निवृत्तीचे पत्र देऊ नका

या साऱ्या मार्गदर्शनातील एकच सल्ला लक्षात ठेवायचा असेल तर तो हा आहे. दिवस गेल्याचे कळताच भावनेच्या भरात, किंवा घरच्यांच्या समाधानासाठी, अनेक मुली निवृत्ती जाहीर करून टाकतात. तुम्ही ‘नाडा’च्या नोंदणीकृत चाचणी यादीत (ज्यांची उत्तेजक चाचणी केव्हाही होऊ शकते अशा खेळाडूंच्या यादीत) असाल आणि निवृत्त झालात, तर पुन्हा स्पर्धेत उतरण्यापूर्वी सहा महिने आधी लेखी सूचना देऊन चाचण्यांसाठी उपलब्ध राहावे लागते. म्हणून पत्रात ‘निवृत्ती’ असे लिहू नका. ‘गरोदरपण आणि प्रसूतीमुळे तात्पुरता विराम’ असे लिहा, प्रसूतीची अपेक्षित तारीख नोंदवा, आणि पत्राची पोच घ्या. यादीतून नाव कमी झालेले नसेल तोपर्यंत चाचणीसाठी आपण कुठे सापडू, ही ठावठिकाण्याची माहिती भरणे चालू ठेवा. बाळंतपणाला माहेरी गेलात तर माहेरचा पत्ता भरा.

मानांकनाबाबतही गप्प बसू नका. कॅनडाच्या बॉक्सर मँडी बुजोल्ड हिची टोकियो ऑलिंपिकची पात्रता ज्या काळातील स्पर्धांवरून ठरणार होती, त्या काळात ती गरोदर आणि नंतर ओली बाळंतीण होती. तिने आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे दाद मागितली, आणि २०२१ मध्ये लवादाने पात्रतेच्या निकषांत गरोदर व प्रसूत स्त्रियांसाठी सोय असली पाहिजे असा निकाल दिला. आपल्या महासंघाला पत्र लिहिताना या निकालाचा उल्लेख जरूर करावा.

नोकरीतील रजेचे नियम खात्यानुसार बदलतात. प्रसूती लाभाच्या कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीने आलेल्या आणि २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत कायम राहिलेल्या तरतुदीनुसार पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेले असावे लागते, आणि गर्भपातानंतरही सहा आठवड्यांची रजा आहे. रेल्वेसारख्या केंद्रीय नोकरीत १८० दिवसांची प्रसूती रजा आणि संपूर्ण सेवेत ७३० दिवसांपर्यंतची बालसंगोपन रजा आहे. ही दुसरी रजा एकदम संपवू नका. पुनरागमनाच्या वर्षातील शिबिरांच्या काळात ती फार उपयोगी पडते.

गरोदरपण आणि परतीची वाट

दिवस गेल्याचे कळताच झोंबी, पटक आणि ठोशांचा सराव थांबवावा. पोटावर आघात होईल असे काहीच करू नये. वजन उतरवणे आणि त्यासाठी वाफेच्या खोलीत बसणे पूर्ण बंद करावे, कारण पहिल्या महिन्यांतील अति उष्णता बाळाच्या मज्जासंस्थेच्या घडणीला बाधक ठरू शकते. मात्र अंथरुणाला खिळून राहायचे कारण नाही. गुंतागुंत नसेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने चालणे, पोहणे आणि हलक्या वजनांचा व्यायाम शेवटपर्यंत करता येतो.

प्रसूतीनंतरचा सव्वा महिना आपल्याकडे विश्रांतीचा मानतात आणि ती रीत चांगली आहे. आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडूही सुखाने खावेत. पोट घट्ट बांधण्याबाबत मात्र जपून वागा, कारण करकचून आवळलेल्या पट्ट्याचा दाब खाली ओटीपोटाच्या तळावर येतो आणि तेच स्नायू आधी सावरायला हवे असतात. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत डॉक्टर ‘सगळे ठीक’ म्हणाले की लढायला परवानगी मिळाली, असा अर्थ काढू नका. घरच्या घरी एक गोष्ट पाहता येते. पाठीवर झोपा, गुडघे वाकवा, बोटे बेंबीच्या वर आडवी ठेवा आणि डोके जमिनीवरून किंचित उचला. पोटाच्या मधल्या रेषेत दोनपेक्षा जास्त बोटे मावत असतील, किंवा तिथे उंचवटा वर येत असेल, तर जोर, बैठका आणि पूल काढणे लांबणीवर टाकून फिजिओथेरपिस्टला दाखवा.

क्रम असा ठेवावा: प्रथम श्वास आणि ओटीपोटाच्या तळाचे व्यायाम, मग चालणे, मग ताकद, धावणे साधारण बाराव्या आठवड्यानंतर, मग समंजस जोडीदाराबरोबर डाव-प्रतिडाव, आणि सर्वांत शेवटी खरी झोंबी. शिंकताना किंवा उडी मारताना लघवी निसटत असेल, खाली काही ओघळल्यासारखे जड वाटत असेल, किंवा थांबलेला रक्तस्राव पुन्हा सुरू झाला, तर एक पायरी मागे यावे. लघवी निसटण्याबद्दल मुली लाजेने बोलत नाहीत, आणि उपचाराने बहुतेकदा आटोक्यात येणारी ही तक्रार वर्षानुवर्षे अंगावर काढतात, याचे फार वाईट वाटते. सिझेरियन झाले असेल तर प्रत्येक टप्पा डॉक्टरांना विचारूनच ओलांडावा.

बाळ अंगावर पीत असेल तर सरावापूर्वी त्याला पाजावे; छाती हलकी राहते आणि झोंबीत दुखत नाही. मध्यम व्यायामाने दूध आटत नाही, पण पाणी तोडून वजन उतरवल्यास त्याचा परिणाम दुधावर आणि तुमच्यावर दोन्हींवर होतो. म्हणून पहिल्या पुनरागमनासाठी वरचा वजनगट घ्यावा. सतत रडू येणे, झोप न लागणे किंवा बाळाविषयी काहीच न वाटणे असे दोन आठवड्यांहून जास्त काळ चालले, तर तो आळस किंवा कमकुवतपणा नसून आजार आहे. त्यासाठी डॉक्टरांकडे तितक्याच तातडीने जावे.

पहिली स्पर्धा जिल्ह्याची किंवा खुली निवडा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये क्रीडाग्रामात प्रथमच पाळणाघराची सोय झाली होती. आपल्याकडील स्पर्धांत ती आपोआप मिळेल असे धरू नका. आयोजकांना आठ-दहा दिवस आधी लेखी कळवून गादीजवळ बाळाला पाजण्यासाठी दार लावता येईल अशी एक खोली मागा, बाळाला सांभाळणाऱ्या व्यक्तीसाठी प्रवेशपत्र मागा, आणि वजनाच्या वेळी सकाळी बाळ कोणाकडे राहील हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.