फोटो बूथसाठी घरीच चंद्र करताय? या चुका टाळा

आमच्या आबांनी हजार पौर्णिमा पाहिल्या आणि त्यानंतरचा चंद्र थेट त्यांच्या खांद्यावर पडला. तो मी केला होता.

लागलं काहीच नाही, पुठ्ठ्याचाच तो. पण सहस्रचंद्रदर्शनाचं औक्षण नुकतंच झालेलं, इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या आमच्या हॉलमध्ये चाळीसएक माणसं दाटीने बसलेली, आणि आबा खांदा झटकत म्हणाले, "चला, ग्रहणही सुटलं." सगळे हसले. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच चहाचे कप मोजत बसले.

त्या दिवशी आणि त्याआधीच्या आठवड्यात काय काय बिघडलं आणि ते कसं निस्तरलं, ते लिहिते आहे. तुमच्याकडे साठी असो, बारसं असो की मुंज, घोळ साधारण हेच होतात. कारण प्रॉप, म्हणजे फोटोसाठी केलेली खोटी वस्तू, आपण फरशीवर मांडी घालून, हातभर अंतरावरून बघत करतो. आणि तो दिसायचा असतो अडीच-तीन मीटरवरून, कुणाच्या तरी मोबाइलमध्ये.

कोर काढू नका, निदान या कार्याला

पुठ्ठा कापायच्या आधीच वाद झाला. पुण्याच्या नणंदबाईंनी सुंदर चंद्रकोरीचं चित्र पाठवलं. पण सहस्रचंद्रदर्शन हे हजार पौर्णिमांचं. एका पौर्णिमेपासून पुढचीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस, हजाराने गुणा, २९,५३० दिवस होतात, म्हणजे ८० वर्षं आणि वर सुमारे दहा महिने. एवढा हिशोब माणसाने पुरा केल्यावर त्याच्यामागे अर्धामुर्धा चंद्र कशाला? शिवाय कोरीची टोकं सर्वांत आधी मुडपतात, आणि उत्सवमूर्तीचं डोकं नेमकं कोरीच्या पोकळीत बसवताना फोटो काढणाऱ्याचा जीव जातो. १२० सेंटिमीटर व्यासाच्या गोलापुढे आजी-आजोबा खुर्च्यांवर बसले, की दोघांचे चेहरे आपोआप आत येतात.

रंग मात्र पांढराशुभ्र देऊ नका. मी दिला. आमची भिंत फिक्या क्रीम रंगाची, त्यामुळे चंद्राची कड फोटोत नाहीशीच झाली. वर चेहरे काळवंडले, कारण समोर एवढा उजळ गोल आला की मोबाइल एकूण उजेडच कमी करतो. त्या दिवसापुरता उपाय म्हणजे फोटो काढताना पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकवायचं; मग तो चेहऱ्याच्या हिशोबाने उजेड धरतो. खरा उपाय आदल्या आठवड्यातला: पांढऱ्यात थोडा पिवळा आणि किंचित राखाडी मिसळा, ओल्या स्पंजाने डाग उठवा आणि मागे गडद निळी चादर किंवा साडी लावा. चमकीचा कागद अजिबात नको, फ्लॅश पडला की तिथे नुसता पांढरा ठिपका येतो.

थर्माकोलच्या मोहात पडू नका

रानीपुऱ्यात सजावटीचं सामान घ्यायला गेले की माझे हात अजून सवयीने थर्माकोलच शोधतात. पण सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. फुग्यांच्या प्लास्टिक दांड्या आणि १०० मायक्रॉनहून पातळ पीव्हीसी बॅनरही त्याच यादीत आहेत. कायदा बाजूला ठेवला तरी हा माल या कामाचा नाही. ग्लू गनचा गरम गोंद लागला की त्याला खड्डा पडतो, आणि स्प्रे पेंट मारला की त्यातलं सॉल्व्हंट तो चक्क खाऊन टाकतं. शाळेच्या प्रोजेक्टवर हा प्रयोग आपण सर्वांनीच कधी ना कधी रडत केलेला असतो.

त्यापेक्षा फ्रिजचा किंवा वॉशिंग मशीनचा खोका मागून आणा. दुकानदार बहुधा देतात. छोट्या वस्तूंना खजूरी बाजारातून आणलेली जाड कार्डशीट पुरते.

चंद्राला बाक का येतो

मला सर्वांत जास्त रडवलं ते या बाकाने. खोक्याच्या पुठ्ठ्यात मधे नागमोडी नळ्या असतात. नळ्यांच्या दिशेने तो ताठ राहतो, आडवा मात्र सहज दुमडतो. मी एकेरी पुठ्ठा घेतला, नळ्या आडव्या आल्या, आणि भिंतीला टेकवल्यावर तासाभरात चंद्राने मान टाकली. दोन थर घ्या: एकाच्या नळ्या उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. प्लायवुडमध्ये थर असेच एकाआड एक फिरवलेले असतात.

दुसरा बाक फेव्हिकॉलचा. त्यात पाणी असतं. एकाच बाजूला कागद डकवला की तो आधी ओलाव्याने ताणतो, मग सुकताना आकसतो आणि सगळा पुठ्ठा स्वतःकडे ओढतो. चंद्राचा पापड होतो. म्हणून मागच्या बाजूलाही कागद डकवायचाच. रद्दीचा चालेल, तिकडे कोण बघतंय! गोंद चमच्याने ओतू नका, जुन्या एटीएम कार्डाने पातळ पसरा आणि गादीखाली रात्रभर दाबून ठेवा. आमचं कार्य पावसाळ्यातलं होतं, तेव्हा एका रात्रीत काही सुकलं नाही. पूर्ण चोवीस तास लागले. बाक आलाच असेल तर उलट बाजूला हलका पाण्याचा हात फिरवून पुन्हा वजनाखाली ठेवा. बराचसा सरळ होतो.

आणि तो पडला का? १२० सेंटिमीटरच्या गोलाचं क्षेत्रफळ एक चौरस मीटरहून जास्त भरतं, म्हणजे ते शीडच झालं. कुणीतरी आबांना उकडतंय म्हणून कोपऱ्यातला पंखा त्यांच्याकडे वळवला आणि मागचा पुठ्ठ्याचा पाय सरकला. फोटोफ्रेमसारख्या एकाच पायावर एवढा गोल उभा करू नका. वरून दोन ठिकाणी नायलॉनच्या दोऱ्याने पडद्याच्या दांडीला बांधा, खालची कड पाण्याच्या भरलेल्या बाटल्यांमागे अडकवा आणि पंख्याचं तोंड दुसरीकडे करा.

सहस्र लिहिताना त जोडू नका

नावाची पट्टी मी एका दुकानात छापायला दिली. आली ती 'सहस्त्रचंद्रदर्शन' होऊन. स ला र जोडायचा, मधे त येत नाही. पण हा त इतक्या पत्रिकांवर बसला आहे की छापणारा आपलं बरोबर लिहिलेलंही 'सुधारून' देतो. त्यात आपल्याकडची दुकानं हिंदीच्या सवयीची, त्यामुळे ल आणि श यांचं वळणही हिंदीचं आलं. छापण्याआधी पडद्यावर स्वतः वाचा, आणि अनोळखी माणसासारखं एकेक अक्षर वाचा.

शेवटी मी पट्टी हातानेच कापली. देवनागरीत एक सोय आहे, शिरोरेषा दीड सेंटिमीटर जाड ठेवली की सगळा शब्द तोरणासारखा एकसंध राहतो. गैरसोय अनुस्वाराची. कापताना तो टिंब गळून पडतो आणि 'चद्र' उरतो. आमचा टिंब केरात गेला होता. ऐन वेळी पुतणीने तिथे टिकली लावली, आणि खरं सांगायचं तर तीच जास्त शोभली.

अक्षरं किती मोठी? अडीच मीटर रुंदीचा देखावा मोबाइलच्या साधारण चौदा-पंधरा सेंटिमीटर पडद्यावर मावतो, तेव्हा सात सेंटिमीटरचं अक्षर चार मिलिमीटरचं होतं. त्याहून लहान कराल तर आजीला चष्मा लावूनही वाचता येणार नाही. सेल्फीत अक्षरं उलटी दिसली तर घाबरू नका, समोरचा कॅमेरा आरसा दाखवतो. काही फोन तसाच फोटो साठवतात. सेटिंग बदला किंवा मागच्या कॅमेऱ्याने काढा.

पगडी, मिश्या आणि काडी

इंटरनेटवर पगडी शोधली की पुणेरीच येते, तीही बाजूने काढलेली. माणूस समोर बघतोय आणि पगडी खिडकीकडे, असं ते ध्यान दिसतं. शिवाय इंदूरच्या घरात होळकरी पगडी हवी, हा आबांचा आग्रह रास्तच होता. आमच्याकडे पणजोबांचा पगडीतला समोरून काढलेला जुना फोटो आहे. त्यावरूनच आकार मोठा करून घेतला. मोठ्या माणसाचा चेहरा साधारण १४-१५ सेंटिमीटर रुंद असतो, त्यावर २२-२४ सेंटिमीटरची पगडी ठीक बसते. मिशी १०-११ची, मुलांना ७-८ची. चष्म्याच्या भोकांचे मध्य एकमेकांपासून सहा ते साडेसहा सेंटिमीटरवर ठेवा, नाहीतर माणूस नाकपुडीतून बघत असल्यासारखा दिसतो.

काडी मधोमध लावणं ही सगळ्यांची चूक. हात तोंडासमोर येतो आणि फोटोत मूठच दिसते. काडी एका टोकाला, जरा तिरकी लावा. नुसती मागे चिकटवली तर प्रॉप गोल फिरतो. "मामी, मूँछ तो नाक पे चढ़ गई!" असं भाच्याने ओरडून सांगितलं तेव्हा मला ते कळलं. काडी दोन थरांच्या मधे पाच-सहा सेंटिमीटर आत घालून चिकटवा आणि कटरने तिचं टोक छाटून टेप गुंडाळा. बांबूची काडी डोळ्याच्या इतक्या जवळ जाते की इथे आळस नको. नथीचा प्रॉपही केला होता. तो कुणी उचललाच नाही, निम्म्या बायकांच्या नाकात खरी होती.

प्रॉपचं टेबल पोह्यांच्या टेबलाशेजारी मांडू नका. शेव आणि जीरावनाचे, म्हणजे पोह्यांवरच्या मसाल्याचे, हात पगडीला लागले, की कागदावरचा तो तेलाचा डाग जात नाही. दांड्यांवर रुंद पारदर्शक टेप आधीच मारून ठेवा आणि फोटो नाश्त्याच्या आधी उरकून घ्या. अर्थात इंदुरात पोहे समोर असताना हे कुणी ऐकेल, याची खात्री मी देत नाही.

चंद्र टाकला नाही. सध्या कपाटामागे आहे. धाकट्या जावेचं डोहाळजेवण आलं आहे आणि तिला हवी आहे चंद्रकोरच. कापणार नाही म्हटलं. जरा लहान गडद निळा गोल कापून एका बाजूला सरकवून वर लावला, की मागच्या निळ्या साडीत तो मिसळून जातो आणि कोर तेवढी उरते. फक्त तो दुहेरी टेपने लावा, फेव्हिकॉलने नको. वर्षभरात आजीचंही सहस्रचंद्रदर्शन आहे आणि तेव्हा पुन्हा पौर्णिमा लागणार आहे.